सहा बाजूंनी नाव

भावोजी, तुमचा खोका पोचला. तुम्ही गेल्याची बातमी सोमवारी आली आणि खोका शुक्रवारी. तुमच्या वाडीतला तो ड्रायव्हर सुट्टीवरून इकडे बहारीनला परत आला, दारात खोका ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "वैनीनु, काकांनी आठ दिवस आधीच बांधून ठेयलेल्यानी. मगे ह्या असा झाला." एवढं बोलून तो रडायलाच लागला. त्याला पाणी दिलं, चहा दिला, खोका टीव्हीच्या टेबलाखाली सरकवला, आणि आज चार दिवस झाले, मी त्या खोक्याकडे पाठ करून बसतेय.

उघडायचा धीर होत नाही. का होत नाही ते सांगणारच आहे, पण आधी तुमच्याशी भांडायचंय.

हे काय वागणं झालं का? बावन्नाव्या वर्षी कुणी जातं? आणि तेही काजूचं पोतं बांधताना! तुमचा ड्रायव्हर सांगत होता, पोत्याला दोरी घातलीत, गाठ मारून पूर्ण केलीत, हात झटकलेत आणि मग पडलात. म्हणजे जातानासुद्धा गाठ अर्धवट सोडली नाहीत. धन्य आहे तुमची. पण माझं काय? सात वर्षं मी एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवली होती. दर शुक्रवारी तुम्ही जेवायला यायचात, आणि दर शुक्रवारी मी भाताची पहिली मूद घालताना ठरवायचे, आज सांगून टाकते. मग तुम्ही म्हणायचात, "वैनी, सोलकडी फक्कड झाली हा," आणि मी गप्प. दोन वर्षांपूर्वी तुमचं कॉन्ट्रॅक्ट खलास झालं, तुम्ही कायमचे गावी निघालात, तेव्हा विमानतळावर सांगणार होते. तिथं आमचे हे कस्टमवाल्याशी हुज्जत घालत बसले. राहिलंच.

आता ऐका.

आमची ती जुफैरची हिरव्या दारांची इमारत. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, तुम्ही गच्चीवरच्या खोलीत आणखी तिघांबरोबर. तुम्ही एसी मेकॅनिक. दुसऱ्यांची घरं थंड करायचात आणि स्वतः गच्चीवरच्या त्या भट्टीत झोपायचात. फॅमिली व्हिसा काही तुम्हाला मिळाला नाही, म्हणून शुक्रवारचं जेवण आमच्याकडे. पण इमारतीत तुम्हाला मान होता तो एसीमुळे नाही, खोक्यांमुळे. सुट्टीवर कुणी निघालं की खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इकडच्या वाण्याकडून, दूध पावडरचा रिकामा खोका आणायचा आणि वर हाक मारायची, "परब!" तेलुगू असो, पंजाबी असो, खोका बांधणार परब.

काय तो थाट! लुंगी खोचायचात, खोक्याला दोन थापट्या मारायचात, आत हात घालून कोपरे चाचपायचात. जड तळाला, मऊ कडेला, वास येणारं वासाच्या वस्तूशेजारी. साबणाजवळ खजूर ठेवला म्हणून तुम्ही आमच्या ह्यांना सगळ्यांसमोर झापलं होतं. मग नायलॉनची दोरी, आडवी तीनदा, उभी दोनदा, आणि शेवटी ती तुमची गाठ. आजोबांनी होडी बांधायला शिकवलेली. "गाठ तळाक," तुम्ही म्हणायचात. "वर गाठ दिसली काय हमाल बोट घालून ओढतत. खोको बांधूक अक्कल लागता वैनी, ह्यो काय गवताचो भारो नाय." नाव मात्र वहीच्या कागदावर, झोकदार अक्षरात, आणि त्यावर चिकटपट्टी. नाव, गाव, तालुका, जिल्हा. पिनकोडसुद्धा. विमानातून पिनकोड कोण बघतो, असं मी विचारलं तर म्हणालात, "असांदे. शोभता."

आखाती युद्ध संपून वर्ष झालं होतं, त्या मे महिन्यातली गोष्ट. तुम्ही महिन्याच्या रजेवर निघालात. आमच्या सासरी, साताऱ्याकडे, वस्तीत नवीन विहार बांधून झाला होता आणि बुद्धपौर्णिमेला उद्घाटन होतं. आमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या श्रीलंकेच्या मित्रानं कोलंबोहून पांढरीशुभ्र बुद्धमूर्ती आणून दिलेली. हातभर उंचीची, ध्यानस्थ. ती पाठवायची होती. माझे दीर मुंबईला विमानतळावर येऊन खोका घेणार होते. तुमचाही एक खोका. त्यात तुमच्या धाकट्या भावाचं सामान. तुमचा भाऊ दशावतारात काम करायचा, तेही बाईचं, आणि त्यासाठी तुम्ही मनामाच्या बाजारातून काय काय गोळा केलं होतंत: टिकल्यांचं जांभळं कापड, खोट्या मोत्यांच्या माळा, लिपस्टिक, आणि कमरेपर्यंत लांब केसांचा टोप. शिवाय आईसाठी वाघाच्या चित्राचं ब्लँकेट. ते तर आखातातून नेलंच पाहिजे, नाहीतर गावात शिरू देत नाहीत.

आमची मूर्ती तुम्ही दोन टॉवेलांत गुंडाळलीत आणि चारी बाजूंनी लहान बाळाचे डायपर ठासलेत. "कांबळेसाहेब, भगवंताक धक्को लागाचो नाय," म्हणालात. दोन्ही खोके एकाच दूध पावडरचे, एकसारखे, आमच्या हॉलमध्ये शेजारी शेजारी ठेवलेत आणि दुपारी कामावर गेलात.

आता माझ्या पापाचा भाग.

सासूबाईंनी मला गुपचूप पत्र लिहवून पाठवलं होतं. शेजारच्या पोरीकडून. त्यांना केसांना लावायचा काळा कलप हवा होता. उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसायचं, पुण्याची पाहुणी मंडळी येणार, आणि आपण अशा पांढऱ्याफटक. पण मामंजी, म्हणजे माझे सासरे, रिटायर मास्तर, साधी राहणी म्हणजे साधी राहणी. त्यांना कळलं असतं तर सासूबाईंना विहाराच्या पायरीवर उभं करून व्याख्यान दिलं असतं. म्हणून पत्रात शेवटी लिहिलेलं, "हे पत्र फाडून टाकणे." मी कलप आणून ठेवला होता आणि नेमका द्यायचा विसरले. तुमचं बांधून झाल्यावर आठवलं.

तुम्हाला सांगावं तर तुम्ही आमच्या ह्यांना सांगणार, हे पत्रातून मामंजींना कळवणार. म्हटलं, आपणच उघडू, एक बाटली सरकवू, बंद करू. त्यात काय एवढं? केलं की नाही शहाणपण! कागद निघाल्याशिवाय झाकण उघडेना, म्हणून नाव न बघताच कागद सोडवला. दोरी सोडवली, त्यात नख तुटलं. उघडून बघते तर आत वाघ! तुमचा खोका. धाडकन बंद केला. मग दुसरा उघडला, पावडरच्या डब्यात बाटली घालून तो डायपरमध्ये खुपसला. एवढ्यात ईसा टाऊनहून शाळेची बस आली आणि आमची पल्लवी दारात. सहा वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. "मम्मी, व्हाय आर यू ओपनिंग परब अंकल्स बॉक्स?" मी म्हटलं, गप, चॉकलेट देते.

मग ती तुमची होडीची गाठ. पाच वेळा प्रयत्न केला भावोजी, पाच. प्रत्येक वेळी सुटली. शेवटी मला जी एकच गाठ येते ती मारली. पल्लवीच्या रिबिनीचं फूल. दोन पाकळ्या, मध्ये पीळ. दोन्ही खोक्यांना नायलॉनची फुलं! ती तळाखाली लपवली, वरून चिकटपट्टी मारली, आणि घाईघाईत नावांचे कागद चिकटवले.

उलटे.

कांबळ्यांचा कागद तुमच्या खोक्यावर आणि परबांचा आमच्यावर. हे मला कळलं केव्हा, तर मामंजींचं पत्र आलं तेव्हा.

पुढचं तुम्हीच इतक्या वेळा साभिनय सांगितलंत की मी तिथं हजर होते असं मला वाटतं. दिरांनी खोका गावी नेला. मामंजी म्हणाले, मूर्ती समारंभपूर्वकच बाहेर काढायची, तोवर कुणी हात लावायचा नाही. पौर्णिमेच्या सकाळी त्यांनी खोक्याला हार घातला, ट्रॅक्टरवर ठेवला आणि बँजो लावून गावातून मिरवणूक काढली. खोक्याची! बायकांनी फुलं उधळली. विहारात भंतेजी बसलेले, पहिल्या रांगेत पुण्याचे पाहुणे, त्यांच्याशेजारी पांढऱ्या केसांच्या सासूबाई. मामंजींनी कात्रीनं दोरी कापली, झाकण उघडलं, भक्तिभावानं आत दोन्ही हात घातले आणि वर काढला कमरेपर्यंत लांब केसांचा टोप.

बँजोवाला वाजवायचाच थांबला म्हणे.

मामंजी मास्तर माणूस. म्हणाले, "शांतता राखा," आणि पुन्हा हात घातला. तर जांभळ्या टिकल्या. मग लिपस्टिक. मग वाघ. मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, परदेशात असंच आस्तंय का?"

आणि तिकडे तुमच्या घरी काय झालं? तुम्ही पहाटे घरी पोचलात, विहिरीवर आंघोळीला गेलात, आणि तेवढ्यात तुमच्या आईनं कोयत्यानं दोरी तोडून खोका उघडला. तुम्ही परत येता तर भगवान बुद्ध देवघरात, पाटावर, कपाळाला कुंकू, समोर निरांजन आणि वाटीत गूळखोबरं. तुम्ही म्हणालात, "आये, ह्यो आपलो नाय." तर आई म्हणाली, "घरात इल्लो देव कोण परत धाडता रे मेल्या?" दोन दिवस माउलीनं मूर्ती सोडली नाही. तिसऱ्या दिवशी कशीबशी कबूल झाली, तीही नारळ बरोबर देऊन. पाहुणा रिकामा जायचा नाही.

मग तुमचा तो प्रवास. एसटीनं कोल्हापूर, कोल्हापूरहून पुढं. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेले भगवंत. कंडक्टर म्हणाला, पोराचं वय काय? तुम्ही म्हणालात, अडीच हजार वर्षं. तो म्हणाला, मग फुल तिकीट. हे तुम्ही पदरचं घातलेलं होतं हे मला माहीत आहे, पण दर वेळी मी नव्यानं हसायचे.

तर विहारात वाघ बाहेर पडलेला, मामंजी घामाघूम, आणि तेवढ्यात दारातून एक माणूस खांद्यावर बोचकं घेऊन धावत येतो आणि ओरडतो, "थांबा! भगवान माझ्याकडे हत!"

मूर्ती बसली. कुंकू मात्र निघालं नाही. मामंजींनी लिंबू चोळलं, दिरांनी रॉकेल सुचवलं, शेवटी भंतेजीच म्हणाले, राहू द्या आता. अजून तो लालसर ठिपका तिथं आहे.

जेवणाच्या वेळी सासूबाई उंबऱ्याशी घुटमळल्या. तुम्ही परब, आमचं घर बौद्धवाडीतलं. सासूबाईंच्या सगळ्या आयुष्यात तुमच्यातला कुणी त्यांच्या चुलीपुढं बसला नव्हता. त्यांनी विचारलं, "पाव्हणं, आमच्या हातचं चालंल न्हवं?" तुम्ही आधीच पाटावर बसलेले. म्हणालात, "आये, आधी वाढ. इचारूचा ता मागसून इचार." सात भाकरी आणि आख्खा मसूर. सासूबाई अजून तो आकडा सांगतात. सहाच होत्या असं मामंजी एकदा म्हणाले, तर दोन दिवस अबोला धरला.

भावोजी, इथं एक गोष्ट स्पष्टच बोलते. आमचे हे तुमच्या गावी आले असते तर तुमच्या आईनं त्यांना आत घेतलं असतं की पडवीतच पान वाढलं असतं, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्ही "येवा, येवा" म्हणायचात, हे "बघू, बघू" म्हणायचे. दोघांनाही उत्तराची भीती वाटत असावी. मूर्ती आत गेली होती, माणसाचं काय झालं असतं कोण जाणे. तुम्ही असतात तर आज विचारलं असतं. तुम्ही खरं सांगितलं असतंत, एवढा भरवसा आहे.

तुमची आणि आमच्या ह्यांची जुंपली ती त्या कुंकवावरून, आणि मग गाडी गेली नवव्या अवतारावर. तुम्ही सहज म्हणालात की आमच्या दशावतारात बुद्ध नववा. झालं! दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा आमच्या घरी भिंतीवर आहेत, त्यातली पाचवी नेमकी हीच, की बुद्ध हा अवतार नाही. त्या शुक्रवारी तुम्ही आम्हाला कंपनीच्या पिकअपमधून हमद टाऊनला घेऊन चालला होतात. राउंडअबाउटवर गाडी आणि वाद एकदमच शिरले. हे म्हणतायत, "परब, पाचवी प्रतिज्ञा काय सांगते?" तुम्ही म्हणताय, "कांबळेसाहेब, एक्झिट खंयची ता सांगा." पाच फेऱ्या झाल्या. कडेला उभा असलेला एक बहारीनी म्हातारा प्रत्येक फेरीला आम्हाला सलाम करत होता. पल्लवी मागून टाळ्या वाजवतेय, "अगेन, अंकल, अगेन!" शेवटी तुम्ही ब्रेक मारलात आणि म्हणालात, "आयेक अवतार-बिवतार काय म्हायत नाय. तिना पावण्याक कुंकू लावल्यान, इतक्याच." हरले असं ह्यांनी कधी मान्य केलं नाही. काल स्वतःशीच पुटपुटत होते, "परबला ते एकदा नीट समजावून सांगायला हवं होतं." डोळे पुसत होते आणि पुटपुटत होते.

हसणं झालं, आता मुद्द्याचं.

रजेवरून तुम्ही परत आलात तेव्हा सगळ्या इमारतीला कळलेलं होतं. आमच्या ह्यांनीच जिन्यात उभं राहून रंगवून सांगितलं होतं. परबांनी नावं उलटी लावली! पहिला आठवडा तुम्ही भांडलात. "लेबल माझ्या हातान चुकाचा नाय. मेलंय तरी चुकाचा नाय." कुणी ऐकेना. पोरंसुद्धा तुम्हाला बघून केसांचा टोप घातल्यासारखं करायची. आणि खोके यायचे थांबले. तिसऱ्या मजल्यावरच्या थॉमसनं टेप मारायचं यंत्र आणलं आणि सगळी इमारत त्याच्याकडे जायला लागली. फर्रर्र, फर्रर्र, दोन मिनिटांत खलास. मी स्वतः बघितलंय भावोजी, एका शुक्रवारी तो पंजाबी शेजारी थॉमसनं टेप मारलेला खोका खाली नेत होता आणि तुम्ही जिन्यात बाजूला सरून त्याला वाट दिलीत. खोक्याकडे बघितलंत. कोपरा दबला होता. तुमचा हात पुढं झाला आणि तुम्ही तो मागं घेतलात.

तो हात मला सात वर्षं दिसतोय.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण सासूबाईंचा कलप उघडा पडेल, आमचे हे चिडतील, मामंजींची मिरवणूक माझ्यामुळे फसली असं सासरी होईल. भ्याले. बरं, कलपाबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नाही. तुमच्या भावानं तो मिशांना लावला असं नंतर उडत उडत कळलं. बाईचं काम करणाऱ्या माणसानं मिशा कशाला ठेवाव्यात, ते त्यालाच ठाऊक. म्हटलं, सुटलो. दोरी तुमच्या आईनं कोयत्यानं तोडलेली, मामंजींनी कात्रीनं कापलेली, म्हणजे माझी फुलंही कुणी पाहिली नाहीत. पुरावा मफी, नाहीच!

आणि एका शुक्रवारी तुम्ही जेवता जेवता एकदम म्हणालात, "होय, मीच चुकलंय." आदल्या दिवसापर्यंत शपथा घेणारा माणूस. सगळे हसले, ह्यांनी तुमच्या पाठीवर थाप मारली, विषय मिटला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. आमच्याकडे रोज सकाळी वंदना होते. पाच शीलं म्हणायची, चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं आलं की माझा आवाज बसतो. ह्यांना वाटतं एसीनं घसा धरतो. तुम्हीच दोनदा येऊन फिल्टर साफ करून गेलात.

त्यानंतर तुम्ही कागद लावणं सोडून दिलंत. जे मोजके खोके यायचे, आमचे आणि तुमच्या खोलीतल्यांचे, त्यांवर काळ्या मार्करनं सहाही बाजूंना थेट नाव लिहायचात. सहाव्या बाजूला लिहायला खोका उलटा करायचात, मग पुन्हा सुलटा. मी म्हणायचे, तळाला कोण बघणार? तुम्ही हसायचात नुसतं.

इथवर सकाळी लिहिलं होतं. मग दुपारी थॉमस आला. वास त्याच्या मजल्यापर्यंत गेला होता. तुमच्या खोक्यात सुकट आहे हे काय सांगायला हवं? नाक दाबून म्हणाला, "भाभी, आपके घर में कुछ मर गया है क्या?" मी म्हटलं, "हां, परब गुजर गए." त्याला माहीत नव्हतं. दारातच पायरीवर बसला तो. मग म्हणाला, "टेप तो कोई भी मारता है, भाभी. बांधना उसको आता था."

तो गेल्यावर मी खोका ओढून मध्ये घेतला. पल्लवी शाळेतून आली होती, ती समोर बसली. तेरा वर्षांची झालीय, उंच झालीय. सहाही बाजूंना नाव होतं, तुमच्या त्याच झोकदार अक्षरात: कांबळे, कांबळे, कांबळे. दोरी आडवी तीनदा, उभी दोनदा. गाठीसाठी खोका उलटा केला.

तळाला होडीची गाठ नव्हती. रिबिनीचं फूल होतं. दोन पाकळ्या, मध्ये पीळ. अगदी नीट ओढून, दोन्ही पाकळ्या सारख्या करून बांधलेलं.

पल्लवी वाकून बघायला लागली आणि खुदकन हसली. "ओह, ही स्टिल रिमेम्बर्स! आय टॉट हिम दॅट."

"कधी?"

"व्हेन आय वॉज सिक्स. ही आस्क्ड मी हाऊ मम्मी टाइड द बॉक्सेस. सो आय शोड हिम."

मी दोरी सोडून तिच्याकडे वळले. म्हटलं, "अगं भवाने, मग मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "ही टोल्ड मी नॉट टु. ही सेड, मम्मी विल फील बॅड."

म्हणजे त्या शुक्रवारच्या आधीच तुम्हाला कळलं होतं. मग ताटावर बसून "मीच चुकलंय" म्हणालात, आणि पुढं पाच वर्षं माझ्या हातची सोलकडी पीत बसलात! मी दर आठवड्याला आतल्या आत मरतेय, आणि तुम्ही वाटी पुढं करताय, "आणखी घाला वैनी." लबाड माणूस. अहो, एकदा तरी बोलायचंत. मी रडले असते, तुम्ही हसला असतात, आणि थॉमसचं यंत्र मी स्वतः जिन्यातून खाली फेकलं असतं.

आमचे हे सुरी घेऊन आले, म्हणाले, कापू का दोरी? मी ओरडलेच. हातानं सोडवलं. एक टोक ओढलं आणि फूल सुटलं. आत कोकमं, कुळथाचं पीठ, सुकट, आणि सुकटीपासून लांब ठेवलेले काजू. मग बसले आणि ह्यांना सगळं सांगितलं. कलप, वाघ, फुलं, कागद. मला वाटलं चिडतील. ते सुरी खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे परब चुकला नव्हता." आणि लगेच चप्पल घालून बाहेर पडले. मी खिडकीतून ऐकत होते. एकेका मजल्यावर बेल वाजवून सांगत होते. पंजाब्याला, तेलुगूला, थॉमसला. "परबने गलती नहीं किया था. मेरी बीवी ने किया था." हो, अगदी तसंच सांगत होते. सांगू देत.

खोका चांगला आहे अजून, कोपरे शाबूत आहेत. तो रिकामा परत जायचा नाही, हे मी तुमच्या आईकडूनच शिकलेय. पुढच्या महिन्यात तुमच्या ड्रायव्हरच्या खोलीतला एक जण गावी जातोय. तुमच्या बायकोला साबण, पावडर, खजूर, आणि आईंना नवीन ब्लँकेट, वाघाचंच. ही चिठ्ठी खोक्यावर, दोरीखाली खोचतेय. त्यांना निरोप दिलाय, फोटोसमोर बसून मोठ्यानं वाचा, कलपाचा भागसुद्धा गाळू नका.

दोरी तुमचीच घेतली. गाठ माझीच मारली, तळाला. मग मार्कर घेऊन सहाही बाजूंना तुमचं नाव लिहिलं: परब. तीनदा तपासलंय, भावोजी. या वेळी बरोबर आहे.